तपासण्याआधी

पांडुरंगा, हात धुऊन झाले. वॉर्डात शिरायच्या आधी तुझ्याशी बोलून घेते. बोलणं लांबवायची माझी खोड तुला ठाऊकच आहे, तेव्हा कंटाळू नकोस. युगानुयुगं उभा आहेस, अजून थोडा वेळ उभा राहा.

आधी हातांबद्दल. हे हात तू दिलेस. इतकी वर्षं त्यांनी भाकरी थापली, सलाइन लावली, बेडपॅन उचलले, चादरी ओढून ताठ केल्या, आणि मला वाटत राहिलं की हातांचं काम एवढंच. एमएस्सी नर्सिंगसाठी लोणीला आले आणि मॅडमनी माझाच हात माझ्या डोळ्यांसमोर धरायला लावला. ताप बघायचा तो हाताच्या पाठीने. तिथली कातडी पातळ, तिला ऊन-गार लवकर कळतं. नाडी, गाठ, सूज बघायची ती बोटांच्या टोकांनी. आणि छातीतली थरथर बघायची ती करंगळीखालच्या कडेने. रुग्णाला ‘एक-दोन-तीन’ म्हणायला सांगायचं. त्याचा आवाज घशातून फुप्फुसात, फुप्फुसातून बरगड्यांत आणि बरगड्यांतून माझ्या हाताच्या कडेला येतो. न्यूमोनियाने फुप्फुस घट्ट झालं असेल तर तिथे थरथर वाढते, बाहेर पाणी साठलं असेल तर ती मंदावते. एवढं सगळं या हातात भरून ठेवलं होतंस आणि मला पत्ता नव्हता. देवा, तुझे उपकार.

तुझे उपकार कानांसाठी. तुझे उपकार डोळ्यांसाठी, खालची पापणी ओढून रक्त किती कमी झालंय याचा अंदाज बांधणाऱ्या. तुझे उपकार उन्हासाठीही. डोळ्यांतली कावीळ ट्यूबलाइटखाली चकवते, म्हणून आम्ही रुग्णाला खिडकीपाशी नेतो आणि तिथे तुझा उजेड आयता असतो.

तुझे स्वतःचे हात कमरेवर आहेत. तक्रार करत नाही. पण काम आमच्याकडे लावून दिलंस, तर लक्षही ठेव.

मी लहान आहे, देवा. स्टाफ नर्स होते तेव्हा ताप, नाडी, श्वास, बीपी लिहिलं की माझं संपत असे. आकड्यांचा अर्थ दुसरं कुणी लावणार होतं, त्याची झोप उडणार होती, माझी नाही. त्यात सुख होतं, आज कबूल करते. आता राउंडला विचारतात, ‘सिस्टर, तुम्हाला काय सापडलं?’ आणि पोटात गोळा येतो. स्टेथो कानात असतो, चकती छातीवर असते. उजवीकडे बरगड्यांमधली दुसरी फट, मग डावीकडची दुसरी, मग छातीच्या हाडाच्या कडेने खाली उतरत डाव्या स्तनाखालची पाचवी. पहिला ठोका कुठला नि दुसरा कुठला, एवढं कळायलासुद्धा मला मानेतल्या नाडीवर बोट ठेवावं लागतं. शेजारचा रेसिडेंट पोरगा तेवढ्या वेळात तीन रुग्ण उरकतो. मी अजून दुसऱ्या फटीतच.

मला हुशार कर असं मागत नाही. मला न कळल्याचं कळू दे. ‘सापडलं नाही’ आणि ‘नाही’ यांतलं अंतर विसरू देऊ नकोस. केस शीटवर ‘नॉर्मल’ लिहिताना पेन क्षणभर अडू दे.

आणि घाई काढून घे. पोट तपासताना क्रम बदलतो, तुला माहीत आहे. छातीला आधी बघायचं, मग हात लावायचा, मग ठोकायचं, मग ऐकायचं. पोटाला मात्र बघून झाल्यावर आधी ऐकायचं आणि हात शेवटी. हात लावला की आतडी हलतात आणि मग ऐकू येतं ते आपणच ढवळलेलं. आतड्यांचा आवाज बंद झालाय असं म्हणायच्या आधी पाच मिनिटं ऐकावं असं पुस्तक सांगतं. पाच मिनिटं! वॉर्डात, जिथे एकीकडे नातेवाईक डबा उघडतात, दुसरीकडे मामा ट्रॉली ढकलत ‘सरका, सरका’ करतात, कुणाच्या मोबाइलवर कीर्तन लागलेलं असतं. पाच मिनिटं मी तुझं नामही सलग घेतलेलं नाही, विठ्ठला. तरी मागते. पोटावर कान ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं बळ दे. ऐकण्याआधी हात घालायची माझी सवय मोड. ती घरीही आहे, पोरांच्या बाबतीतही आहे.

आता ज्यांनी हे सगळं माझ्यापर्यंत आणलं त्यांची आठवण करू दे. ग्राझ गावच्या खाणावळवाल्याचा मुलगा औएनब्रुगर. पिंपात दारू किती उरली ते वरून ठोकून कळतं, हे वडिलांच्या धंद्यातलं ज्ञान त्याने माणसाच्या छातीवर आणलं आणि १७६१ साली पुस्तक लिहिलं. लोकांनी कितीतरी वर्षं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पॅरिसचा लाएनेक. एका तरुण बाईच्या छातीला कान लावायचा त्याला संकोच वाटला, म्हणून १८१६ साली त्याने कागदाची सुरळी केली. माझ्या गळ्यातल्या या नळीचा जन्म संकोचातून झालाय हे वाचलं तेव्हा मला तो माणूस आपला वाटला. लोकांच्या छातीतला क्षय ऐकत ऐकत तो स्वतः १८२६ मध्ये क्षयानेच गेला. त्याला तुझ्या पायाशी जागा दिली असशीलच.

रमाबाई रानड्यांना दिली असशीलच. १९०९ साली पुण्यात सेवासदन निघालं आणि तिथल्या बायका ससूनमध्ये नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. त्या काळी परक्याच्या अंगाला हात लावायचा, विटाळ-चांडाळ मानणाऱ्या घरांतून बाहेर पडून कुणाचीही जखम धुवायची, त्यांच्या पोटात माझ्यापेक्षा मोठा गोळा आला असणार. आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडोची लोरेटा फोर्ड. १९६५ साली हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाबरोबर तिने नर्सेसना मुलांची पूर्ण तपासणी शिकवायला घेतली, तर नर्सिंगमधल्याच बायकांनी नाकं मुरडली. आपलं काम सोडून डॉक्टरकीच्या मागे लागली म्हणाल्या. हे बोलणं मला ओळखीचं आहे. तुझ्या कृपेने ती शंभरी ओलांडून गेली, आणि आज आमच्या अभ्यासक्रमात मी जे शिकते त्यात तिचा हात आहे.

पण सगळ्यांत जास्त मला जामखेडच्या बायका आठवतात, देवा. लांबच्या नव्हेत, आमच्याच जिल्ह्यातल्या. रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. आधी त्यांनी शिकलेल्या नर्सताईंना गावोगाव ठेवून पाहिलं. ते जमलं नाही. मग गावातल्याच बाया निवडल्या, कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येकी दलित वस्तीतल्या. त्यांना बाळाचं वजन करायला शिकवलं, पोटुशी बाई तपासायला शिकवलं, कातडीवरच्या चट्ट्याला स्पर्श कळतो का ते पाहून कुष्ठरोग ओळखायला शिकवलं. ज्यांच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, त्यांच्या हातात गावाने आपली बाळंतपणं दिली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरचे लोक जामखेड बघायला आले. मी पदव्युत्तर म्हणून मिरवते तेव्हा त्या बायांना माझ्यासमोर उभं कर. शिकलेल्या नर्सताईंचं जिथे जमलं नव्हतं तिथे त्यांचं का जमलं, हा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसू दे. पदवी भिंतीवर लागेपर्यंत तरी बसू दे.

आता ते सांगते जे इतका वेळ टाळत होते.

गळिताच्या हंगामात पाथर्डीकडची एक बाई आली होती. ऊसतोडीची. कारखान्याच्या कोप्यांवरून नवऱ्याने आणली. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढताना धाप लागायची, मग सपाटीला लागायला लागली, मग रात्री उताणं झोपवेना. वय विचारलं तर म्हणाली, ‘असंल पंचवीस-तीस.’ लहानपणी घसा धरायचा, मग ताप यायचा, गुडघे सुजायचे, आज हा तर उद्या तो. मॅडमनी मला खूण केली. मी तिला डाव्या कुशीवर वळवलं, स्टेथोची घंटेची बाजू हलकेच छातीच्या टोकाशी टेकवली, श्वास सोडून थोडं थांबा म्हटलं. आणि मला ऐकू आलं. लांब कुणाच्या तरी घरी पहाटे जातं फिरत असावं तशी घरघर, दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत. हृदयाची डावी झडप आकसल्याची ती खूण. पुस्तकात वाचलेली, रेकॉर्डिंगवर ऐकलेली, आणि माझ्या कानाला कधीच न सापडलेली.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते तू पाहिलंस. मला आनंद झाला. केवढा आनंद झाला, देवा! बाहेर येऊन मैत्रिणींना म्हटलं, चांगली केस आलीय, जाऊन ऐका. त्या एकेक करून गेल्या. ती बाई प्रत्येकीसाठी कुशीवर वळली, प्रत्येकीसाठी श्वास सोडून थांबली. जिला श्वास पुरत नव्हता तिच्याकडे आम्ही श्वास मागत होतो, आणि ती देत होती. शेवटच्या मुलीला तिने विचारलं, ‘बाई, झालं का तुमचं? मालक बाहेर उभं हायेत, खाडा लागंल.’

खाडा. कामावर न गेल्याचा दंड. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, तू वरून मोजतोस तेव्हा कसं मोजतोस मला माहीत नाही. एक आजारी पडलं की कोयता मोडतो, मुकादमाची उचल फिटत नाही. तिच्या झडपेला आलेला हा रोग लहानपणच्या घशाच्या दुखण्यातून येतो, दाटीने राहणाऱ्या घरांतून येतो, आणि वेळेवर पेनिसिलीन मिळालं तर थोपवता येतो. तिच्या छातीत मी जे ऐकलं ते वीस वर्षांपूर्वी कुणीतरी तिच्या घशात बघायचं राहून गेलेलं होतं. आणि मी हसत बाहेर आले होते.

माझा आनंद काढून घेऊ नकोस. तो गेला तर मी शिकणार नाही, रात्री वसतिगृहात अकरा वाजता पुन्हा पुस्तक उघडणार नाही. पण त्या आनंदाला एकटं सोडू नकोस. सापडल्यावर पलंगापाशी परत जायची बुद्धी दे. तिला उशी उंच करून द्यायची, जे ऐकलं ते तिला कळेल अशा शब्दांत सांगायची, नवऱ्याला आत बोलावून त्यालाही सांगायची बुद्धी दे. पहिल्या ऐकण्यापेक्षा हे मला जड जातं. त्यासाठी मार्क नसतात.

हात लावताना विचारायला शिकव. पडदा ओढायला, पदर तिचा तिलाच बाजूला करू द्यायला, एका वेळी लागेल तेवढंच अंग उघडायला, चकती आधी माझ्या तळव्यावर चोळून ऊन करायला. कुणाच्या अंगाला परवानगीने हात लागला आहे, कुणाच्या नाही, मला काय ठाऊक? कित्येकींना ‘लावू का हात?’ हे कुणी आयुष्यात पहिल्यांदा विचारतं, आणि त्या गोंधळून हसतात. त्या हसण्याची मला लाज वाटू दे आणि उद्या पुन्हा विचारू दे.

माझ्या कानांना त्यांचे शब्द कळू देत. रुग्ण पुस्तकातलं बोलत नाही. तो म्हणतो, छातीत कालवतंय, डोकं गरगरतंय, पायाला मुंग्या येतात, अन्नावर वासना नाही. म्हातारी म्हणते, ‘जिवाला काही गोड लागत नाही,’ आणि ते जिभेबद्दल आहे की गेल्या वर्षी गेलेल्या लेकाबद्दल आहे हे मला तिच्या डोळ्यांकडे बघून ओळखायचं असतं. माझं माहेर नेवाशाकडचं, तुला वेगळं सांगायला नको. ज्या पैस खांबाला टेकून माउलींनी भावार्थदीपिका सांगितली त्या खांबाला लहानपणापासून डोकं टेकत आले. माउलींजवळ बसून लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा मला हल्ली फार आठवतात. समोरच्याचा शब्द आपल्या शहाणपणाने बदलायचा नाही, गाळायचा नाही, आधी नीट ऐकून उतरवायचा. मला माउलींच्या पायरीची लायकी नाही, ती मागतही नाही. मला त्या लेखकाची पायरी दे. रुग्णाने सांगितलेलं त्याचं त्याच्याच शब्दांत माझ्या कागदावर येऊ दे.

आषाढात निवृत्तिनाथांची पालखी नगरच्या वाटेने तुझ्याकडे जाते. दिंडीतल्या म्हाताऱ्यांचे पाय आम्ही तपासतो. फोड फोडून मलम लावणं सोपं. पण साखरेचा आजार असलेल्या एका माळकऱ्याच्या तळव्याला मी दहा ग्रॅमचा तो बारीक नायलॉनचा तंतू टेकवला, तो वाकेपर्यंत दाबला, आणि विचारलं, बाबा, कळतंय का? डोळे मिटून म्हणाले, ‘लाव की, बाई.’ माझं लावून झालं होतं. टाचेत खडा रुतला होता, त्यांना ठाऊक नव्हतं. मी खडा काढला, तळवा धुतला, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या, आणि रोज रात्री सुनेला पाय बघायला सांगा म्हटलं. ते म्हणाले, बघायचे तर त्याचे पाय बघायचे. काय बोलू त्यांच्यापुढे? तुझे पाय त्यांनी बघावेत, त्यांचे पाय तू बघ. अनवाणी चालू नका एवढं तरी त्यांच्या मनात घाल. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील.

आता मागणी मागून उठते, वेळ झाली.

थकव्यातही माझा आवाज चढू देऊ नकोस.

रात्रपाळीला पहाटे चारला, डोळे मिटत असताना, श्वास मोजायचे ते पूर्ण मिनिटभर मोजू दे. पंधरा सेकंदांना चारने गुणायचा मोह आवर.

माझ्या हाताखाली शिकणाऱ्या जीएनएमच्या पोरींसमोर मला माहिती मिरवू देऊ नकोस. त्यांचा हात माझ्या हातात घेऊन तो योग्य जागी ठेवू दे, मॅडमनी माझा ठेवला तसा.

मला कुणी ‘फक्त सिस्टर’ म्हटलं तर पोटात तुटू देऊ नकोस. आणि कुणी चुकून ‘डॉक्टरीणबाई’ म्हटलं तर ते मला आवडतं, हे तू जाणतोस; ते आवडणं हळूहळू कमी कर.

घरी पोरं माझ्याविना झोपतात. त्यांची आजी त्यांना झोपवते. तिच्या गुडघ्यांकडे बघायला मला वेळ झालेला नाही. येत्या रविवारी होऊ दे.

आणि त्या पाथर्डीच्या बाईसाठी. तिला दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनची सुई घ्यायची आहे, वर्षानुवर्षं. हंगामात ती एका तालुक्यात असते, पाडव्याच्या सुमारास गावी परतते, दसरा झाला की पुन्हा निघते. मी तिच्या कार्डावर तारखा मोठ्या अक्षरांत घातल्या आहेत, आणि कुठल्याही सरकारी दवाखान्यात दाखव म्हणून सांगितलं आहे. तिला वाचता येत नाही, नवऱ्याला येतं. माझ्या हातून एवढंच होण्यासारखं होतं. पुढचं तुझ्याकडे. मुकादमाच्या मनात शीर, विठोबा, आणि सुईच्या दिवशी तिचा खाडा लावू देऊ नकोस.